हातोडीवाली मेहुणी

ताईचं पत्र ग्रंथपालांनी हरवलं नव्हतं. हरवणं त्यांना जमतच नसे. बत्तीस वर्षं त्यांनी एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं जागच्या जागी ठेवली होती, आणि निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्यांना ग्रंथपालच म्हणत. पत्र कपाटाच्या तिसऱ्या फळीवर, 'उत्तर द्यायचे' अशी चिठ्ठी डकवलेल्या फाईलमध्ये सुरक्षित होतं. त्या फाईलमध्ये तेवढंच एक पत्र होतं, आणि ते तिथे दोन वर्षं होतं.

"धाकट्या," ताईनं लिहिलं होतं, "गुडघे आता जिने चढत नाहीत. इथे एकटीला करमतही नाही. तुझ्याकडे एखादी खालची खोली असली तर येऊन राहीन म्हणते. नसली तर तसं कळव, मी रागावणार नाही."

या शेवटच्या वाक्यानं सगळा घोटाळा केला होता. ताई रागावणार असती तर ग्रंथपालांनी घाबरून उलट टपाली उत्तर धाडलं असतं. लहानपणी बोट धरून अक्षरं गिरवायला तिनंच शिकवलं होतं, त्यामुळे घाबरायची सवयही जुनीच होती. पण रागावणार नाही म्हटल्यावर करायचं काय? 'हो' लिहावं, तर ते राहत होते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. त्यातली दीड खोली पुस्तकांची. 'नाही' लिहावं, तर हात पुढे सरकेना. अकरा मसुदे झाले. सगळ्यांत लांब मसुदा नऊ पानांचा होता आणि त्यात खोलीचा विषय आठव्या पानावर येत होता.

"दोन वर्षांत पोस्टमन बदलला," बायको म्हणे. "तुमचं उत्तर काही निघत नाही."

"विचार चाललाय."

"कसला? खोली आहे की नाही याचा? मी सांगते. नाही."

म्हणून मग तळमजल्यावरचं जुनं घर विकत घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे बायकोनं ठरवलं, शोधलंही तिनंच. ग्रंथपाल फक्त शेवटच्या दिवशी बघायला गेले आणि उंबऱ्यातच त्यांचा जीव त्या घरावर जडला. पुढे बसायची खोली, आत दोन प्रशस्त खोल्या, मागे एक लहान खोली. ही मागची खोली जरा अंधारी होती. तिची एक अख्खी भिंत एका काळ्याकभिन्न लाकडी कपाटानं अडवली होती. पण ग्रंथपालांना तिथे ताईची खाट दिसली, खाटेशेजारी दिवा दिसला, आणि दिव्याखाली चष्मा नाकावर घसरलेली ताईही दिसली.

बायकोला मात्र कपाटाच्या वर, छताजवळ, एक बारीक तिरकी रेघ दिसली.

"ही भेग आहे," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "घर छान आहे. पण मी ते इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय घेणार नाही. मैत्रिणीनं एक नाव दिलंय. तुम्ही फक्त मालकांना सांगून या."

'फक्त' हा शब्द बायको फार सहज वापरत असे. एका सभ्य गृहस्थाला, ज्यानं आपल्याला दोनदा चहा पाजला, त्याला जाऊन सांगायचं की तुमच्या भिंतींवर आमचा विश्वास नाही! ग्रंथपालांनी वाचनालयात मोठ्यानं बोलणाऱ्यांनाही कधी 'गप्प बसा' म्हटलं नव्हतं. ते त्यांच्या शेजारी जाऊन, ते ओशाळेपर्यंत, नुसते उभे राहत.

मालकांचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. ग्रंथपाल वाटभर वाक्य घोकत गेले: आम्हाला घर पसंत आहे, पण एकदा इंजिनिअरला दाखवून घेऊ म्हणतो. दारात पाऊल टाकताच चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकाकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाले, "अहो, केवढा वाकडा बसलाय हा! या, बसा इथे." ग्रंथपाल बसले. हनुवटी एका यंत्रावर टेकलेली असताना माणसाला मनातलं काही बोलता येत नाही. अर्ध्या तासानं ते बाहेर पडले, आणि चार दिवसांनी त्यांना नवा चष्मा मिळाला.

"सांगितलंत?" बायकोनं विचारलं.

"नंबर वाढला होता," ग्रंथपाल म्हणाले.

आता या प्रकरणात स्वानुभव शिरले. स्वानुभव म्हणजे खालच्या, दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी. आयुष्यातलं प्रत्येक वाक्य ते 'स्वानुभवाने सांगतो' असं सुरू करत. त्यामुळे त्यांचं खरं नाव इमारतीत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांना सर्व विषयांतला अनुभव होता, आणि तो बहुतेक वाईट होता.

"स्वानुभवाने सांगतो, मालकाला इंजिनिअर म्हणून सांगायचंच नाही," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "मालक सावध होतो. भेगा बुजवतो. वर रंग काढतो. तुम्ही आपलं म्हणायचं, हे माझे मेहुणे, घर बघायला आलेत. नातेवाईक सगळीकडे डोकावतात, कुणाला काही वाटत नाही."

"हे खोटं होईल."

"मग खरं सांगून या. एकदा गेला होतात ना?" आणि त्यांनी नव्या चष्म्याकडे पाहिलं.

जाता जाता त्यांनी ग्रंथपालांच्या हातात एक काचेची गोटीही ठेवली. फरशीवर गोटी सोडायची. ती पळाली तर इमारत कललेली. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात आहे असं ग्रंथपालांनी विचारलं. स्वानुभव म्हणाले, पुस्तकात नाही, म्हणूनच खरं आहे.

पुढचे चार दिवस ग्रंथपाल दाढी करताना, भाजी निवडताना, जिना उतरताना एकच वाक्य घोकत होते: हे माझे मेहुणे. पाचव्या दिवशी इंजिनिअर आल्या.

हो, आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, पायांत जाड बूट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. दारात उभ्या राहून त्यांनी आधी पुस्तकांनी भरलेल्या भिंती पाहिल्या, मग खालची फरशी पाहिली.

"किती आहेत?"

"चार हजार दोनशे सोळा."

"खाली कुणी राहतं?"

"एक अनुभवी गृहस्थ आहेत."

"धाडसी असावेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या दुसऱ्या घराचं नंतर बघू. आधी इथून कधी निघताय ते ठरवा."

जिना उतरताना बायकोनं त्यांना मेहुण्याची भानगड सांगितली. इंजिनिअरबाईंनी दोन पायऱ्या विचार केला. "खोटं मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण लोक आपसूक काही समजले, तर त्यांची समजूत काढत बसणं माझ्या कामात येत नाही."

"ऐकलंत ना?" बायकोनं ग्रंथपालांना बजावलं. "मेहुणे नाही. मेहुणी म्हणायचं."

ग्रंथपालांनी मान हलवली. पण चार दिवस घोकलेलं असं चार पायऱ्यांत पुसलं जात नाही. चष्मेवाल्यांनी दार उघडलं, मागून त्यांची बायको हसतमुखानं पुढे आली, ग्रंथपालांनी घसा खाकरला, शेजारच्या बाईंकडे हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे माझे मेहुणे."

चष्मेवाल्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग ग्रंथपालांच्या नव्या चष्म्याकडे.

"मेहुणी!" बायको म्हणाली. "माझी धाकटी बहीण. हे असेच, घरातही माणसं विसरतात."

"या ना, या," चष्मेवाल्यांची बायको मेहुणीला म्हणाली. "चहा घेणार?"

"आधी कॉलम बघते," मेहुणी म्हणाली. तिनं पिशवीतून हातोडी काढली आणि बसायच्या खोलीची भिंत वाजवायला सुरुवात केली. टक. टक. टक. कान लावायचा, पुढे सरकायचं. टक. टक.

यजमानीणबाईंनी हळूच ग्रंथपालांच्या बायकोला विचारलं, "सवय आहे का त्यांना?"

"लहानपणापासून," बायको निर्विकारपणे म्हणाली. एकदा खोट्यात उतरल्यावर ती गळ्यापर्यंत उतरत असे.

मेहुणी मग स्टुलावर चढली. मोरीत ओणवी झाली. मागच्या खोलीत तर जमिनीवर चक्क पालथी पडून टॉर्चनं कपाटाखाली बघू लागली. यजमानीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आत जाऊन एक उशी आणली. "घ्या हो मानेखाली," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे संकोच करायचा नाही." चष्मेवाले ग्रंथपालांच्या खांद्यावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही त्यांना सोबत घेऊन फिरता, हे फार मोठेपणाचं आहे." ग्रंथपाल गोटी मुठीत धरून उभे राहिले.

रस्त्यावर आल्यावर इंजिनिअरबाईंनी उशीचे धागे झटकले आणि निकाल सांगितला. कॉलम, बीम ठीक. मोरीच्या भिंतीला ओल आहे, ती दुरुस्त होण्याजोगी. मागच्या खोलीत मात्र गोष्ट वेगळी. कपाटामागे काय आहे ते दिसत नाही, आणि वरची रेघ तिथूनच निघते. कुणी तिथली भिंत फोडली असेल, तर छताचा आधार गेला. "मूळ नकाशा आणा. नाहीतर अहवालात मी त्या खोलीपुढे 'सांगता येत नाही' असं लिहीन."

"ते लिहायला इंजिनिअर कशाला हवेत?" बायको म्हणाली. "ते आमच्या घरात मला रोज ऐकायला मिळतं."

ग्रंथपालांना वाईट वाटलं, पण तो मुद्दा त्यांनी नंतर दुःख करण्यासाठी राखून ठेवला. बाकीच्या घराशी त्यांना देणंघेणं नव्हतं. 'सांगता येत नाही' नेमकं ताईच्या खोलीपुढे येणार होतं.

नकाशा नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात होता. तिथे एका खिडकीमागे एक कारकून तोंडाला रुमाल बांधून बसलेला असे, कारण धूळ.

"अर्जावर फाईल नंबर लिहा," कारकून म्हणाला.

"तो कुठे मिळेल?"

"फाईलवर."

"आणि फाईल?"

"नंबर दिलात की काढून देतो."

ग्रंथपाल घरी परत आले. दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा अर्ज निळ्या शाईत नसल्यामुळे परत आले. तिसऱ्या दिवशी शाई निळी होती, पण कारकून रजेवर होता. चौथ्या दिवशी स्वानुभवांच्या सल्ल्यानुसार आवाज चढवायला म्हणून गेले आणि कारकुनाला खोकल्याचं औषध सुचवून परत आले. पाचव्या दिवशी मात्र कारकून खोकत खोकत पाणी प्यायला उठला, आतलं दार उघडं राहिलं, आणि ग्रंथपालांना पहिल्यांदा आत ठेवलेल्या फायली दिसल्या.

हजारो फायली. उभ्या, आडव्या, डोक्यावर, पोटावर. एका मांडणीवर सगळ्या लठ्ठ, दुसऱ्यावर सगळ्या बारीक.

"हे," ते भीती, भीड, खिडकी सगळं विसरून म्हणाले, "हे कुणी केलं?"

"छत गळलं होतं एका वर्षी," कारकून म्हणाला. "रचून ठेवायच्या होत्या, म्हणून जाडीप्रमाणे लावल्या. ढीग पडू नये म्हणून. तेव्हापासून काही सापडत नाही. माझ्या आधीचे दोघे तसेच निवृत्त झाले."

"मी आत येऊ?" ग्रंथपालांनी विचारलं. आयुष्यात त्यांनी इतक्या सरळ शब्दांत कुणाला काही मागितलं नव्हतं. कारकुनानं इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःचा दुसरा रुमाल त्यांना दिला.

तीन दिवस ग्रंथपाल सकाळी डबा घेऊन जात आणि संध्याकाळी राखाडी होऊन परत येत. आठच घरांची साधी इमारत, कोर्टकचेरी नाही, म्हणजे फाईल बारीक. तेव्हा सुरुवात बारीक मांडणीपासून. रस्त्यांप्रमाणे गट, गटात वर्षं, वर्षात घरांचे नंबर, आणि प्रत्येक फळीला एक यादी. शाई उडालेली होती, पण नवा चष्मा असा काही लख्ख होता की पुसट आकडेही हात जोडून समोर उभे राहत. तिसऱ्या दिवशी दुपारी, वरून दुसऱ्या फळीवर, ती फाईल निघाली. चष्मेवाल्यांच्या घराचा नकाशा चष्मेवाल्यांच्याच चष्म्यानं शोधला, ही गोष्ट ग्रंथपालांना इतकी आवडली की ते धुळीत बसून एकटेच हसले.

शिक्क्याची प्रत मिळायला एरवी तीन आठवडे लागत. कारकुनानं ती पंधरा मिनिटांत आणली, स्वतः वर जाऊन. मग याद्या लावलेल्या तीन फळ्यांकडे बघत तो म्हणाला, "साहेब, जाड मांडणीतलंही एखादं घर घ्या ना पुढेमागे."

इंजिनिअरबाईंनी नकाशा पसरला आणि एका जागी बोट ठेवलं. कपाटाच्या मागे नकाशात अख्खी भिंत नव्हतीच. तिथे दार होतं. रुंद दार, मागच्या अंगणात उघडणारं, आणि बाहेर पायरीऐवजी उतार.

"दार नुसतं बंद केलं असेल, तर काळजी नाही," त्या म्हणाल्या. "पण दारावरच्या आधाराची आडवी तुळई तोडून वर भिंत रचली असेल, तर ती खोली वापरायची नाही. कपाट हलवावं लागेल. आणि आता मालकांना खरं सांगा. पुन्हा उशी घ्यायची माझी तयारी नाही."

रविवारी सगळे पुन्हा त्या काळ्या कपाटापुढे उभे राहिले. या खेपेला स्वानुभवही होते. इंजिनिअरबाईंशी जिन्यात त्यांचं दोन मिनिटं बोलणं झालं होतं, आणि आपल्या डोक्यावर चार हजार दोनशे सोळा पुस्तकं आहेत हे कळल्यापासून त्यांना ग्रंथपालांच्या नव्या घराची विलक्षण घाई झाली होती.

"कपाट हलवायचं?" चष्मेवाले म्हणाले. "अहो, आम्ही नऊ वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हाही ते इथेच होतं. मागच्या मालकांचं. ते कुणाला हललं नाही म्हणून आम्हाला मिळालं." मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मेहुणीबाईंना बघायचंय का? त्यांना दुसरी एखादी भिंत चालणार नाही?"

बायकोनं तोंड उघडलं. ग्रंथपालांनी हात वर केला. हा हात वर झालेला तिनं तीस-पस्तीस वर्षांत पाहिला नव्हता, म्हणून ती गप्प बसली.

"त्या माझ्या मेहुणी नाहीत," ग्रंथपाल म्हणाले. "इंजिनिअर आहेत. तुमचं घर तपासायला मी त्यांना आणलं, आणि खोटं सांगून आणलं. चूक माझी. तुमच्यावर माझा संशय नाही, असं म्हणणार होतो, पण तेही खरं नाही. थोडा आहे. या खोलीत माझी बहीण राहणार आहे. तिच्या डोक्यावर काय आहे ते मला कळलंच पाहिजे." त्यांनी श्वास घेतला. "कपाट सरकवा."

त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की ते स्वतःच मागे वळून बघू लागले.

चष्मेवाले मटकन खाली बसले. "अहो, नऊ वर्षं मी त्या रेघेला भितोय!" ते म्हणाले. "रोज सकाळी वाढली का बघतो. इंजिनिअरला बोलावलं आणि त्यानं काही भलतंच सांगितलं तर, म्हणून बोलावलाच नाही. तुम्ही आधी का नाही सांगितलंत? मी दारात हार घेऊन उभा राहिलो असतो!"

"म्हणजे तुम्ही बऱ्या आहात?" यजमानीणबाईंनी इंजिनिअरबाईंचा हात धरला. "आम्ही दोघं दोन आठवडे तुमच्याविषयीच बोलतोय."

या गोंधळात ग्रंथपालांच्या मुठीतून गोटी निसटली. ती फरशीवर पडली, घरंगळत कपाटाखालून पार मागे गेली, आणि आतून आवाज आला. टक.

"लाकूड!" इंजिनिअरबाई ओरडल्या. "विटेचा आवाज नाही हा. दार अजून आहे तिथे!"

मग जे झालं त्याला ग्रंथपाल पुढे 'मोहीम' म्हणत. चष्मेवाले एका बाजूला, स्वानुभव दुसऱ्या बाजूला, बायका खालून पायपुसणी सरकवताहेत, आणि स्वानुभव चक्क एकदाही स्वानुभवाने काही न सांगता ढकलताहेत. कपाट आधी कण्हलं, मग रुसलं, मग एकाएकी हातभर सरकलं. मागे एक जाड लाकडी दार होतं, कडी जागच्या जागी. पलीकडून कुणीतरी पत्रा ठोकला होता आणि त्यावर वेल माजली होती. बाहेरून बघणाऱ्याला नुसती हिरवळ दिसे. चष्मेवाल्यांनी अंगणातून जाऊन पत्रा उचकटला, कडी तीनदा नाही म्हणाली, चौथ्यांदा निघाली, आणि त्या अंधाऱ्या खोलीत ऊन असं धावत आलं की सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

इंजिनिअरबाईंनी स्टुलावर चढून तुळई वाजवली. इकडून वाजवली, तिकडून वाजवली. खोलीतली पाचही माणसं माना वर करून उभी होती.

"अखंड आहे," त्या म्हणाल्या. "रेघ नुसती गिलाव्याची. मोरीची ओल काढा. बाकी या घरात हत्ती बांधा."

"पुस्तकं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"तळमजला आहे. चालतील," त्या म्हणाल्या, आणि स्वानुभवांनी ग्रंथपालांना मिठी मारली.

मोरीची दुरुस्ती चष्मेवाल्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. व्यवहार ठरला. अहवाल सात पानांचा आला आणि त्यात 'सांगता येत नाही' एकदाही नव्हतं. ग्रंथपालांनी तो बायकोसमोर दोनदा मोठ्यानं वाचला.

किल्ल्या मिळाल्या त्याच दुपारी ते लिहायला बसले. अकरा मसुदे बाजूला सारले. बारावा एका दमात झाला.

"ताई, खोली आहे. तळमजल्यावर, उजेडाची. तिचं दार थेट अंगणात उघडतं आणि बाहेर पायरी नाही, उतार आहे. इंजिनिअरकडून तपासून घेतली आहे. दारापुढचं कपाट सरकवायला मी स्वतः सांगितलं. उशीर झाला. रागाव हवं तर, पण इथे येऊन रागाव."

खाली सही न करता त्यांनी 'धाकटा' लिहिलं. 'उत्तर द्यायचे' ही चिठ्ठी फाईलवरून सोलून काढली आणि चौकात, चष्म्यांच्या दुकानासमोरच्या पेटीत पत्र टाकलं. ते आत पडलं का, याची शंका त्यांना आलीच. पूर्वी त्यांनी पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या असत्या. आता त्यांनी बोटाच्या पेरानं पेटीची कड वाजवली, टक टक, कान लावला, आवाज ठीक आला, आणि ते ताठ मानेनं खाट बघायला निघाले.